डिजिटल अ‍ॅनालिटिक्समध्ये शाखा निवडताना गेलेले १६ महिने

मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते आणि तिथूनच डिजिटल अ‍ॅनालिटिक्सचे, म्हणजे संकेतस्थळावर येणारे लोक तिथे काय करतात ते मोजण्याचे, काम करते. या क्षेत्रात शिरणे फारसे अवघड नाही, परंतु शिरल्यानंतर आपण नेमके कोणते काम धरायचे, हे ठरवताना माझी बरीच दमछाक झाली. सप्टेंबर २०२२ ते जानेवारी २०२४ एवढा काळ त्यात गेला आणि त्या काळात ज्यांना विचारावे असे कोणी जवळपास नव्हते. गावाकडून हे काम सुरू करू पाहणाऱ्या कोणाला तरी उपयोग होईल, म्हणून तारखा आणि खर्चासह ही हकीकत लिहीत आहे.

बी.एस्सी. झाल्यावर मी तालुक्याच्या ठिकाणी एमएस-सीआयटी शिकवत असे. महिना ६,५०० रुपये मिळत. सप्टेंबर २०२२ मध्ये मी एका ऑनलाइन क्लासला नाव घातले. फी ३२,००० रुपये होती. पहिला १६,००० चा हप्ता मी साठवलेल्या पैशातून भरला आणि दुसरा नोव्हेंबरमध्ये सोयाबीन विकल्यावर बाबांनी दिला. क्लास डिजिटल मार्केटिंगचा होता आणि त्यात अ‍ॅनालिटिक्सला जेमतेम दोन आठवडे होते, पण मला गोडी लागली ती त्याच दोन आठवड्यांत.

त्या दोन आठवड्यांत आम्हाला शिकवले गेले ते संकेतस्थळावरच्या भेटी मोजण्याचे गूगलचे जुने साधन, युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्स. ही जुनी प्रणाली १ जुलै २०२३ पासून नवीन माहिती घेणे बंद करणार, असे गूगलने मार्च २०२२ मध्येच जाहीर केले होते आणि तिच्या जागी येणारे गूगल अ‍ॅनालिटिक्स ४ तर ऑक्टोबर २०२० पासून उपलब्ध होते. क्लासच्या चित्रफिती मात्र त्याआधीच्या असाव्यात. मी बाउन्स रेटची व्याख्या घोकून पाठ केली आणि नंतर ती पुसून टाकावी लागली. जुन्या पद्धतीत पाहुणा एकच पान पाहून, दुसरे काहीही न करता निघून गेला की बाउन्स धरला जाई. नव्या पद्धतीत भेट १० सेकंदांपेक्षा जास्त टिकली, दोन पाने पाहिली गेली किंवा एखादी महत्त्वाची कृती घडली, तर ती भेट गुंतलेली मानतात आणि उरलेल्या भेटी बाउन्स ठरतात. शब्द तोच असला तरी माप बदललेले होते. पैसे भरण्यापूर्वी अभ्यासक्रमातील एका धड्याची तारीख विचारून घ्यावी, हे मला १६,००० रुपये गेल्यावर सुचले.

जानेवारी २०२३ मध्ये गूगलच्या स्किलशॉपवरील अ‍ॅनालिटिक्सची प्रमाणपत्र परीक्षा दिली. ती विनाशुल्क आहे, घरूनच देता येते आणि उत्तीर्ण होण्यासाठी ८० टक्के लागतात. पहिल्या वेळी मला ७४ टक्के मिळाले. एक दिवस थांबून पुन्हा बसले आणि पास झाले. प्रमाणपत्राची मुदत एक वर्षाची असते. हे आवर्जून सांगते, कारण आमच्याकडे प्रमाणपत्र म्हटले की लॅमिनेट करून भिंतीवर लावण्याची वस्तू असा समज आहे. माझ्या आईने ते खरोखरच लॅमिनेट करून आणले; ३० रुपये लागले.

मार्च २०२३ मध्ये नागपूरच्या एका लहान एजन्सीत मला घरून करायची इंटर्नशिप मिळाली, महिना ८,००० रुपये. तो जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत जाण्याच्या घाईचा काळ असल्यामुळे माणसे कमी पडत होती आणि मला कोणतेही काम दिले जाई. त्याचा फायदा असा झाला की या क्षेत्राच्या जवळजवळ सगळ्या शाखा मला एकाच टेबलावर बसून दिसल्या. टेबल म्हणजे शिलाई मशीनचा पाट, आणि चांगले नेटवर्क हवे असेल तर स्लॅबवर जाऊन बसावे लागे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वादळ झाले आणि गावची डीपी जळाली. सहा दिवस वीज नव्हती. १ जुलैची मुदत तोंडावर आलेली असताना मी रोज सकाळच्या एसटीने दारव्ह्याला जाऊन जुन्या एमएस-सीआयटी केंद्रात एका कोपऱ्यात बसून काम केले. त्या वर्षीच्या १७ मार्चपासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट झाले होते, म्हणून ते परवडले तरी. पुढच्या महिन्यात १९,००० रुपयांचा इन्व्हर्टर घेतला. कोणत्याही कोर्सपेक्षा तो खर्च आधी करायला हवा होता, असे माझे मत आहे.

ऑगस्टमध्ये इंटर्नशिप संपली आणि १५,००० रुपयांवर मला कायम करण्याचा विषय निघाला, तेव्हा तिथल्या वरिष्ठ ताईंनी विचारले, “तू नेमकी कशात जाणार आहेस? सगळं थोडं थोडं येणारी माणसं खूप आहेत.” माझ्याकडे उत्तर नव्हते. मी पगाराचे आकडे शोधले, चित्रफिती पाहिल्या, आणि दर आठवड्याला माझा विचार बदलत गेला. ज्या शाखेबद्दल शेवटी वाचलेले असे, ती मला माझी वाटे.

मग मी एक साधी गोष्ट केली. दोनशे पानी वही घेतली आणि १ सप्टेंबर २०२३ पासून रोज रात्री चार रकाने भरू लागले. पहिल्यात त्या दिवशी केलेले काम, दुसऱ्यात त्याला लागलेला वेळ, तिसऱ्यात कोणी सांगितलेले नसताना मी पुढे करत बसले असेन तर एक खूण, आणि चौथ्यात वीज किंवा नेट गेल्यावर ते काम अडते की चालते याची नोंद. चौथा रकाना पुण्या-मुंबईच्या माणसाला लागणार नाही, पण आमच्यासाठी तोही निवडीचाच भाग आहे.

पहिली शाखा मी पाहिली ती रिपोर्टिंगची. लुकर स्टुडिओमध्ये तक्ते आणि आलेख मांडायचे आणि ग्राहकाला दर महिन्याला समजावून सांगायचे. यात काम लवकर मिळते व दिसायलाही छान असते. परंतु त्याचा निम्मा भाग बैठकांचा आहे, आणि स्लॅबवर बसून, मागे कोंबड्यांचा आवाज येत असताना, इंग्रजीतून ‘मागील महिन्यापेक्षा घट का’ याचे उत्तर देताना माझा जीव दडपून जाई. शिवाय मला रिपोर्ट करायला दिला की मी रिपोर्ट सोडून आकड्यांच्या मागे लागत असे. एकदा दोन तासांच्या कामाला मी दोन दिवस लावले, तेव्हा ताई हसून म्हणाल्या, “अगं, तुला रिपोर्ट करायला सांगितला, तू तर चौकशी करत बसली!” तिसऱ्या रकान्यात त्या दोन्ही दिवशी खूण आहे, पण ती रिपोर्टसमोर नाही, चौकशीसमोर आहे. हे मला त्या वेळी कळले नाही.

प्रयोगांची शाखाही मला आवडली होती, म्हणजे एकाच पानाच्या दोन आवृत्त्या वेगवेगळ्या लोकांना दाखवून कोणती चालते ते पाहणे. त्यासाठी मी गूगल ऑप्टिमाइझ शिकायला घेतले आणि ३० सप्टेंबर २०२३ रोजी गूगलने ते बंदच केले. एका वर्षात दुसऱ्यांदा असे झाल्यामुळे मी चिडले होते. प्रयोगाचे शास्त्र काही त्या दिवशी बंद पडले नाही, त्यासाठी इतर साधनेही आहेत. पण लहान ग्राहकांकडे प्रयोगाला पुरेल इतकी वर्दळच नसते आणि आमचे सगळे ग्राहक लहान होते.

ऑक्टोबरमध्ये एसक्यूएल, म्हणजे साठवलेल्या डेटातून हवी ती माहिती मागवण्याची भाषा, शिकले. गूगलने आपल्या मर्चंडाइज स्टोअर या ऑनलाइन दुकानाचा १ नोव्हेंबर २०२० ते ३१ जानेवारी २०२१ या तीन महिन्यांचा नमुना डेटा बिगक्वेरी या आपल्या ऑनलाइन डेटा-कोठारात सर्वांसाठी खुला ठेवला आहे आणि त्याच्या सँडबॉक्स या मोफत भागात क्रेडिट कार्ड न देता महिन्याला १ टीबीपर्यंत क्वेरी फुकट चालवता येतात. शाखा निवडताना केवळ वाचत बसण्यापेक्षा या डेटावर आठ दिवस हात चालवून पाहावा. डेटा इंजिनीअरिंगकडे, म्हणजे डेटा साठवण्या-मांडण्याच्या कामाकडे, झुकणारा माणूस तिथे रमतो. प्रॉडक्ट अ‍ॅनालिटिक्सवाल्याला लगेच प्रश्न पडतात की वस्तू पिशवीत टाकून लोक निघून का गेले. मला त्यातली नोंदींची रचना पाहायला आवडले, प्रश्न मात्र फारसे पडले नाहीत. वहीत आठ दिवसांत दोनच खुणा आहेत. एसक्यूएल आजही रोज वापरते, पण ते माझे मुख्य काम व्हावे असे वाटले नाही.

निवडीला खरे वळण मिळाले ते माझ्याच एका चुकीने. त्या वर्षी दिवाळी १२ नोव्हेंबरला होती. कपडे विकणाऱ्या एका ग्राहकासाठी मी टॅग मॅनेजर या गूगलच्या साधनातून खरेदीचा टॅग, म्हणजे प्रत्येक खरेदीची नोंद पाठवणारा कोडचा तुकडा, बसवला होता. दिवाळीच्या आठवड्यात अ‍ॅनालिटिक्समध्ये ७४ खरेद्या दिसल्या. ग्राहक खूश झाले आणि त्यांनी जाहिरातीचे पैसे वाढवले. चार दिवसांनी त्यांच्या हिशेबनिसाने फोन करून सांगितले की वहीत ऑर्डर ३७ आहेत.

मी बराच वेळ जाहिरातीत, तारखांत, वेळेच्या पट्ट्यात चूक शोधत होते. ७४ म्हणजे ३७ ची बरोबर दुप्पट, ही गोष्ट रात्री जेवताना लक्षात आली. ग्राहकांच्या वागण्यातून आलेली तफावत इतकी नेमकी नसते. नेमकी दुप्पट आली की यंत्रात बिघाड समजावा. जेवण अर्धे टाकून मी डीबगव्ह्यू, म्हणजे नोंदी येताक्षणी दाखवणारा पडदा, उघडला आणि दुसऱ्या मोबाइलवरून एक चाचणी ऑर्डर टाकली. पडद्यावर एकेक घटना वर चढत होती: पान पाहिले, वस्तू पाहिली, पिशवीत टाकली, पैसे भरायला सुरुवात केली, आणि मग खरेदी व लगोलग पुन्हा खरेदी. संकेतस्थळावर आधीपासून एक प्लगइन, म्हणजे वरून जोडलेला तयार प्रोग्राम, होते, ते स्वतःच खरेदीची नोंद पाठवत होते, आणि त्यावर मी माझा टॅग चढवला होता. व्यवहार क्रमांक एकच असता तर अ‍ॅनालिटिक्सने दुसरी नोंद गाळली असती, पण माझ्या टॅगमध्ये मी तो क्रमांक बसवलाच नव्हता. प्लगइनचा काही दोष नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी ताईंना आणि मग ग्राहकाला फोन करून चूक कबूल केली. वाढवलेल्या जाहिरातीपैकी काही पैसे वाया गेले होते. त्यांनी राग धरला नाही, पण पुढचे दोन महिने ते माझा प्रत्येक आकडा स्वतःच्या वहीशी ताडून पाहत, आणि ते योग्यच होते.

डिसेंबरमध्ये घरी कापसाची वेचणी चालू असताना मी हा प्रकार बाबांना सांगितला. खेडा खरेदीचा व्यापारी गाडी आणि काटा दोन्ही घेऊन येतो. बाबा त्याआधी एक गाठोडे घरच्या काट्यावर तोलून ठेवतात आणि व्यापाऱ्याच्या काट्यावर तेच पहिले चढवतात. फरक दिसला तर मग बोलणे सुरू होते. बाबांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “मंग त्यायचा काटा तपासते कोन? तो जाहिरातवालाच?” जाहिरात देणारी, ती मोजणारी आणि त्याचे बिल घेणारी कंपनी पुष्कळदा एकच असते, हे मला माहीत होते, पण तपासणारा वेगळा माणूस लागतो आणि ते एक स्वतंत्र काम आहे, असा विचार मी कधी केला नव्हता.

त्या रात्री वही काढून चार महिन्यांच्या खुणा मोजल्या. एकूण ४१ खुणा होत्या आणि त्यांतील २९ टॅग बसवणे, तपासणे आणि चूक शोधणे यांसमोर होत्या. चौथ्या रकान्यातही हेच काम बरे ठरले होते, कारण कोणत्या कृतीची नोंद कोणत्या नावाने घ्यायची याचा आराखडा कागदावर करता येतो आणि नेट लागते ते शेवटच्या चाचणीला. जानेवारी २०२४ मध्ये मी ताईंना सांगितले की मी इम्प्लिमेंटेशन, म्हणजे टॅग बसवणे, आणि डेटाची तपासणी हीच शाखा धरणार. त्या म्हणाल्या, “मला वाटलंच होतं. पण यात कोणी कौतुक करत नाही, लक्षात ठेव. नीट चाललं तर कोणाला दिसत नाही.” हे अगदी खरे निघाले.

शाखा ठरली तरी तिच्या आत शिरल्यावर आणखी फाटे निघतात. मार्च २०२४ मध्ये युरोपातील पाहुण्यांच्या बाबतीत माहिती नोंदवायला त्यांची संमती आहे की नाही याचे संकेत पाठवण्याचा गूगलचा नियम कडक झाला आणि आमचा एक ग्राहक जर्मनीत हातमागाच्या वस्तू पाठवत असल्याने ते काम माझ्याकडे आले. पाहुण्याने ‘नको’ म्हटल्यावर खरोखर काही जात नाही ना, हे तपासायला मला इतके आवडेल असे वाटले नव्हते. आपल्याकडेही डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे, त्यामुळे या कामाची गरज इथेही वाढेल असा माझा अंदाज आहे.

रोजचे काम मात्र फारच किरकोळ गोष्टींचे असते. नवीन खाते हाती आले की मी पहिल्याच दिवशी डेटा जपण्याची मुदत पाहते, कारण ती मुळात दोन महिन्यांची असते आणि स्वतः जाऊन १४ महिने करावी लागते. बिगक्वेरीची जोडणीही त्याच दिवशी करते, कारण जोडणीपूर्वीचा डेटा तिथे येत नाही. सँडबॉक्समधील तक्ते ६० दिवसांनी आपोआप पुसले जातात, हे ग्राहकाला लेखी कळवते. मोहिमेच्या दुव्यात एकदा मोठ्या आणि एकदा लहान अक्षरात व्हॉट्सअ‍ॅप लिहिले तर त्याच्या दोन वेगळ्या ओळी पडतात. एका ग्राहकाला मोहिमेचे नाव देवनागरीतच हवे होते. ‘दिवाळी’ या शब्दातील सहा चिन्हांची दुव्यात ५४ अक्षरे झाली आणि टक्केचिन्हांनी भरलेला तो दुवा पाहून लोकांना फसवणूक वाटू लागली. शेवटी रोमन लिपीतच लिहिले. मला ते आवडले नाही.

एप्रिल २०२४ पासून मी स्वतंत्र काम करू लागले आणि तिथे कागदपत्रांचा फेरा सुरू झाला. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅन वापरून विनाशुल्क होते. गावातील एका केंद्रात मला त्याचे ८०० रुपये सांगितले गेले, मी घरी बसून २० मिनिटांत केली. चालू खात्यासाठी बँकेत पाच खेपा झाल्या. काउंटरवर दुकानाचा परवाना मागत होते. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला महाराष्ट्रात तेव्हा २०१७ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागत नसे, केवळ ऑनलाइन सूचना द्यावी लागे, आणि तिची पावती हाच पुरावा असे, हे मी प्रत्येक खेपेला सांगितले. चौथ्या खेपेला नियमाची प्रत छापून नेली आणि पाचव्या खेपेला खाते उघडले. मध्ये २३ दिवस गेले. अशा कामासाठी सोमवार आणि बाजाराचा दिवस टाळावा. गर्दीत कोणालाच वाचायला वेळ नसतो.

एका ग्राहकाने जीएसटी क्रमांकासाठी बिल अडवले होते. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणी सक्तीची नसते, असे पत्र मी बिलासोबत जोडले, तेव्हा पैसे आले. बिलावर पॅन अवश्य लिहावा. तो नसेल तर टीडीएस, म्हणजे ग्राहक पैसे देतानाच कापतो तो आयकर, २० टक्क्यांनी कापला जातो. माझा कापलेला टीडीएस विवरणपत्र भरल्यावर परत मिळाला, पण तोपर्यंत तो पैसा हाताशी नसतो, याचा हिशेब आधी धरायला हवा. पहिल्या महिन्यात ११,००० रुपये आले आणि मे महिना पूर्ण कोरडा गेला. तेव्हा एजन्सीतील नोकरी सोडली नसती तर बरे झाले असते, असे मला रोज वाटे. सहा महिन्यांच्या घरखर्चाची सोय असल्याशिवाय कोणी ती सोडू नये.

सध्या टॅग ब्राउझरऐवजी आपल्या सर्व्हरवरून चालवण्याच्या पद्धतीची विचारणा होत आहे. त्यात सर्व्हरचा दरमहा खर्च असतो, आमच्या लहान ग्राहकांना तो झेपेल का हे पाहावे लागेल, आणि ती माझी पुढची पायरी आहे की वेगळीच शाखा आहे हेही ठरायचे आहे. नमुना मांडणी करून पाहते आहे. वहीत त्याची तीन पाने भरली आहेत आणि तिसऱ्या रकान्यात अजून एकही खूण नाही.